सहाव्या कडव्यानंतरची हाक

निर्मलाताईंनी किती लग्नांत मंगलाष्टका म्हटल्या याची गणती नाही. पण मी त्यांच्याकडे कामाला लागल्यापासून त्या स्वतः एकाही लग्नाला गेल्या नव्हत्या. आवाज जायचा. त्या घरी असायच्या.

घर बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथे लागले ती आप्पांना सांभाळायला, सकाळी नऊ ते दुपारी तीन. आप्पा म्हणजे ताईंचे वडील. सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. उंच, गोरे, इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय पलंगावरून न उतरणारे, आणि सगळं विसरलेले. जेवले की नाही ते विसरायचे. बायको वारली हे विसरायचे. एकच नाव त्यांच्याजवळ उरलं होतं, "निमे."

ताई समोर उभ्या असल्या तरी त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "अहो बाई, आमच्या निमीला जरा बोलवा."

"बोलावते हं," असं म्हणून ताई स्वयंपाकघरात जायच्या, ओट्याला हात लावून परत यायच्या. "आले, आप्पा."

कधी ते ओळखायचे. कधी चिडायचे, "तुम्ही नव्हे हो. निमी!" मग ताई पुन्हा ओट्यापर्यंत. मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी नाही आलं.

दाराला आतून कुलूप असायचं, कारण आप्पा बाहेर निघाले की चालतच सुटायचे. किल्ली ताईंच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. लांबून बघणाऱ्याला मंगळसूत्र वाटावं. एकदा खालच्या मजल्यावरच्या नवीन बाईंनी विचारलंच, "मिस्टर कुठे असतात?" ताई म्हणाल्या, "आत. कोंडून ठेवलेत." ती बाई पुन्हा वर आली नाही.

ताई तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. वडिलांसारख्याच उंच. केस स्वतःच कात्रीने कापायच्या, त्यामुळे एक बाजू नेहमी थोडी वर असायची. लग्न केलं नव्हतं. पूर्वी त्या पेटीवाल्या एका मैत्रिणीबरोबर गावभर लग्नांत मंगलाष्टका म्हणायला जायच्या. प्रत्येक घरासाठी वेगळी, नवरानवरीची आणि सगळ्या नातलगांची नावं गुंफून, स्वतः रचलेली. आप्पांचं डोकं बिघडत गेलं तसं ते जाणं बंद झालं.

मग ऋचाने यंत्र आणलं. ऋचा म्हणजे ताईंच्या भावाची एकुलती एक मुलगी. भाऊ, म्हणजे सुधीरदादा, आणि वहिनी दोघंही नोकरीवाले, म्हणून ऋचा दहावीपर्यंत या घरातच आत्याजवळ वाढली. पुढे ती संगणकाचं शिकली आणि कंपनीच्या बसने हिंजवडीला जायला लागली. पहिल्या काही पगारांतून तिने आत्याला हे रेकॉर्डिंगचं यंत्र घेतलं. जेवायच्या पाटाएवढं, वर सरकवायच्या दांड्यांची रांग, मधे इंग्रजी अक्षरांची छोटी खिडकी. आठ आवाज वेगवेगळे भरून ठेवायचे आणि मग एकत्र करायचे. सीडीसुद्धा त्यातच निघायची.

"आता तुला कुठे जायलाच नको, आत्या," ऋचा म्हणाली. "घरी बसून गा. लोक येऊन सीडी घेऊन जातील."

"छान," ताई म्हणाल्या. "कैद्याला पेटी आणून दिलीस."

ऋचा हसली. ताईही हसल्या. मी आप्पांना भात भरवत होते, मला नीट आठवतं, दोघी खूप वेळ हसल्या.

धान्याच्या कोठीची खोली रिकामी करून ताईंनी तिथे गायची जागा केली. भिंतींना गाद्या उभ्या लावल्या, दारावर दोन गोधड्या. पंखा लावायचा नाही, त्याची घरघर येते. मे महिन्यात ओला पंचा मानेवर टाकून त्या आत उभ्या राहायच्या आणि बाहेर यायच्या तेव्हा मोलकरणीसारख्या, म्हणजे माझ्यासारख्या, घामाने भिजलेल्या असायच्या. "भट्टीतून भाजून निघाले गं," म्हणायच्या.

मंगलाष्टका एकटीच्या आवाजात ओकीबोकी वाटते, मागे चारजणी हव्यात. ताई त्या चारजणी स्वतःच व्हायच्या. एकच ओळ चार वेळा, चार जागी उभं राहून, चार तऱ्हांनी म्हणायच्या. त्या चौघींना त्यांनी नाती देऊन टाकली होती. एक ठसक्यातली मामी, एक नाकातून गाणारी मावशी, एक काकू जी प्रत्येक ओळ जरा उशिरा उचलायची, आणि एक लाजरी चुलतबहीण. यंत्रावरच्या दांड्या सरकवताना बोलायच्या, "मामी आज फारच पुढे पुढे करतेय, हिला जरा मागे ढकलू. आणि ही लाजरी ऐकूच येत नाही. इंदू, तुझ्यासारखी आहे बघ."

मी चौथी शिकलेली. ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं आणि नवीन रचलेला कागद माझ्या हातात दिला. "मोठ्याने वाच. तू जिथे अडखळशील तिथे माझाही श्वास अडकणार." माझी वाचायची सवय मोडली होती. त्या कागदांवर ती परत लागली.

सगळे आवाज एकत्र झाले की शेवटचं काम असायचं. त्याला त्या मास्टरिंग म्हणायच्या. मला सांगायच्या, "गाणं झालंय. आता फक्त दागिने घालून बोहल्यावर उभं करायचं." आवाज भरदार करणं, टोकं घासणं, कार्यालयाचा घुमारा देणं, असे वेगवेगळे इफेक्ट त्यात होते. घुमारा देताना त्या डोळे मिटायच्या आणि पूर्वी जिथे जिथे गायल्या होत्या ती कार्यालयं आठवायच्या. "इथे वर पत्रे होते. नको. इथे खांब होते, आवाज खांबाला लागून यायचा. हे चांगलं." जागेवरून न हलता सगळ्या पुण्यातली कार्यालयं फिरून यायच्या.

यंत्रावर एक बटण होतं. ते दाबलं की शेवटी केलेलं सगळं निघून जायचं आणि आवाज पहिल्यासारखा उघडा व्हायचा. पुन्हा दाबलं की केलेलं परत यायचं. कितीही वेळा करा. अट एकच. मधे नवीन काही भरायचं नाही. नवीन भरलं की मागे घेतलेलं कायमचं गेलं. हे बटण ताईंचं लाडकं होतं. मागे, पुढे, मागे, पुढे. "मागचं बरं की पुढचं?" मला विचारायच्या. मी काहीतरी सांगायचे. मग त्या नेमकं उलटं ठरवायच्या.

लोक यायचे ते सगळी नावं घालायची यादी घेऊन यायचे. एका गृहस्थांना प्रत्येक कडव्यात आपल्या घराण्याचं नाव हवं होतं. ताईंनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "आठ कडव्यांत तुमचं घराणं मावणार नाही हो. अजून एक लग्न काढा." एका बाईंनी घुटमळत विचारलं, "तुमचं स्वतःचं लग्न झालेलं नाही म्हणे. मग तुम्ही म्हटलेली चालते का?" ताई म्हणाल्या, "सीडीला कुंकू लावून देते, चालेल?"

एकदा मात्र त्यांची फजिती झाली. एका वरमाईंना आवाज खूप घुमायला हवा होता. ताईंनी ऐकलं, आणि भरपूर घुमारा घातला. कार्यालयात झालं असं, की पहिल्या कडव्यानंतरचं "सावधान" एकदा आलं, लोकांनी अक्षता टाकल्या. तेच पुन्हा घुमून आलं, लोकांनी पुन्हा टाकल्या. तिसऱ्यांदा आलं तेव्हा पुन्हा. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्यांच्या मुठी रिकाम्या. शेवटी माणसं सतरंजीवरचे तांदूळ वेचून नवरानवरीवर टाकायला लागली. वरमाई दोन दिवसांनी भांडायला आल्या.

"अहो, तुमच्यामुळे आमच्या अक्षता पुरल्या नाहीत!"

"जेवण पुरलं ना?" ताई म्हणाल्या. "मग लग्न झालं."

पण त्या गेल्यावर ताई यंत्रापाशी बसल्या आणि ते बटण दाबून घुमारा काढून टाकला. मी म्हटलं, आता काढून काय उपयोग. "माहितीये," म्हणाल्या. "तरी राहवत नाही."

ही सवय त्यांना यंत्राबाहेरही लागली. बोललेलं वाक्य आवडलं नाही तर "हे पुन्हा घेते" म्हणायच्या आणि खरंच पुन्हा बोलायच्या. आप्पांवर ओरडल्या, "गप्प बसा हो जरा!" की दाराबाहेर जायच्या, आत यायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "आप्पा, मी इथेच आहे." आप्पांना पहिलंही ऐकू आलेलं नसायचं आणि दुसरंही. ते म्हणायचे, "निमे, पाणी."

माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं. ताई अंघोळीला गेल्या होत्या, किल्ली माझ्याकडे होती. गॅसवाला सिलेंडर घेऊन आला. मी दार उघडलं, सिलेंडर आत घेतला आणि कुलूप लावायला विसरले. आप्पा गेले. दोन तासांनी मार्केट यार्डात सापडले. कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीसमोर उभे राहून हमालांना झापत होते, "फाईल कुठाय? ही अशी कचेरी चालवायची पद्धत आहे?" एका हमालाने त्यांना "बसा साहेब, फाईल मागवलीय" म्हणून गोणीवर बसवलं होतं आणि चहा दिला होता, म्हणून ते तिथे थांबले.

आप्पा सापडायच्या आधी, जिन्यात, ताई मला म्हणाल्या होत्या, "डोकं कुठे असतं तुझं? मूर्ख!" त्या दिवशी मी तीनला घरी गेलेच नाही. संध्याकाळी सुधीरदादा आले आणि माझ्यादेखत म्हणाले, "बाहेरच्या बाईवर इतकं सोडायचं नसतं, निमा."

"आतली बाई अंघोळीला गेली होती," ताई म्हणाल्या. "चूक तिची."

दादा गेल्यावर त्यांनी मला जिन्यात नेलं. सकाळी उभ्या होत्या त्याच पायरीवर उभ्या राहिल्या. "पुन्हा घेते," म्हणाल्या. "इंदू, घाबरू नकोस. सापडतील आप्पा." आप्पा तेव्हा आत पलंगावर बसून केळं खात होते.

पुढच्या वर्षी ऋचाचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच कंपनीतला. मांजरीच्या बाजूला उसाच्या शेतांना लागून एक नवीन लॉन झालं होतं, तिथे दुपारचा मुहूर्त. मंगलाष्टका आत्याचीच, हे ठरवायची कुणाला गरजच पडली नाही. दादा यादी घेऊन आले. आप्पांचं नाव, दादा-वहिनींचं, मामांचं, मावशांचं, मुलाकडचे अकराजण. ताईंनी यादी दोनदा वाचली.

"माझं नाव नाही."

"अगं, तू म्हणतेच आहेस की. तुझं कशाला आणखी?"

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "आचाऱ्याचं पान पंगतीत मांडत नाहीत."

दादा कसनुसं हसले. मग खरी गोष्ट निघाली. लग्नाच्या दिवशी आप्पांजवळ कोण थांबणार? लॉनवर त्यांना नेणं शक्य नव्हतं, ते मुलाकडच्यांना फाईल मागत फिरले असते. दादा, वहिनी तर मुलीचे आईबाप. "तुझा आवाज असणारच आहे तिथे," दादा म्हणाले. "सगळ्यांना कळेल निमाच आहे म्हणून." ते वाईट माणूस नव्हते. हे म्हणताना त्यांनी खाली बघितलं. मी भिंतीशी आप्पांच्या कपड्यांच्या घड्या घालत होते. "मी थांबते" हे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते. पण मला ते कांदे आठवले आणि मी सदऱ्याची बटणं लावत बसले.

ऋचाचा फोन आला तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "बघू गं." तिकडून ती रडत असावी. ताई म्हणाल्या, "रडू नकोस, घसा बसेल. मग उखाणा कोण घेणार?"

ती मंगलाष्टका त्यांनी महिनाभर रचली. आणि ज्या दिवशी भरली त्या दिवशी आवाज असा लागला की मी आप्पांना थोपटायचं विसरून ऐकत राहिले. सहावं कडवं आशीर्वादाचं होतं. ते संपलं, पुढचा श्वास घ्यायला ताई थांबल्या, आणि तेवढ्या शांततेत आप्पांनी माझ्या शेजारून हाक मारली, "निमेऽ!"

गाद्या होत्या, गोधड्या होत्या, तरी ती हाक आत गेली. अगदी बारीक. नुसतं ऐकताना कळायचीही नाही. पण मास्टरिंगला बसल्यावर कळली. आवाज भरदार करायचा जो इफेक्ट होता तो सगळंच वर उचलायचा, मोठ्याला आवरायचा आणि बारीकला मोठं करायचा. तो लावला की ताईंचा गळा असा भरून यायचा की अंगावर काटा यावा. आणि सहाव्या कडव्यानंतर, खोलीत कुणी उभं असावं तशी स्पष्ट हाक, निमे. बटण दाबून मागे नेलं की हाक बुडायची, पण ताईंचा आवाज पोरका, बारीक व्हायचा.

"ताई, ते कडवं पुन्हा म्हणा की," मी सुचवलं.

"म्हटलं. चारदा. चारी वेळा ते हाक मारतात. माझा आवाज ऐकला की त्यांना मी हवी असते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "निदान पहिल्यात मी नीट गायलेय."

आठ दिवस त्या बटणापाशी बसून होत्या. मागे, पुढे. घुमारा कमी, टोकं घासून, जास्त घासून. हाक घासली जायची तिथे ताईंचा श्वासही घासला जायचा. दुपारी मी निघताना मागे, सकाळी आले की पुढे. भाजी करपली. केसांची वरची बाजू आणखी वर गेली. एकदा त्यांनी हाकेसकट सगळं लावलं, पूर्ण ऐकलं, आणि कानावरचे हेडफोन काढून म्हणाल्या, "सगळ्यांची नावं आली. माझंही आलं."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दादा सीडी न्यायला आले. ताईंनी त्यांना आवाज लावून दाखवला. ते मान डोलवत ऐकत होते. सहावं कडवं संपलं आणि ते दचकले.

"हे काय? आप्पा?"

"हो."

"अगं, तीनशे माणसांसमोर हे ऐकवायचं? मुलाकडचे काय म्हणतील? काढ ते."

"ते काढलं की माझा आवाज जातो, दादा."

"थोडा गेला तर काय बिघडलं? शब्द कळले की झालं."

"नाहीतर मी येऊन समोर म्हणते. मग काही काढायला नको."

दादांनी आतल्या पलंगाकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि आप्पा?"

ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते. त्यांनी बटण दाबलं, सीडी काढली आणि दादांच्या हातात दिली. दादा जाताना म्हणाले, "रागावू नकोस." ताई म्हणाल्या, "रागावले तर तेही मागे घ्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी साडेआठलाच गेले. ताईंनी हिरव्या काठाची साडी काढून खुर्चीवर ठेवली होती, आणि अंगात गाऊनच होता. रात्रभर मी जे घोकलं होतं ते मी दारातच बोलून टाकलं, नाहीतर माझ्याच्याने झालं नसतं. "ताई, तुम्ही जा. मी कुलूप लावते, किल्ली गळ्यात घालते. गॅसवाला आला, देव आला, तरी उघडणार नाही."

 ताईंनी मान वाकवून किल्लीचा दोरा काढला आणि माझ्या गळ्यात घातला. साडी त्यांनी पाच मिनिटांत नेसली. रिक्षा खालून निघाली ती मी गजांतून पाहिली. त्यांनी वर बघितलं नाही.

आप्पांनी अकरा वाजल्यापासून हाका मारायला सुरुवात केली. "बाई, निमीला बोलवा." मी समजावलं, केळं दिलं, खिडकीत बसवलं. ते उठून दार हलवायला लागले. शेवटी मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला हात लावला आणि परत येऊन म्हणाले, "आले, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आलीस?" म्हणाले. "बस. कुठे गेली होतीस?" आणि शांत झाले. मी ताट वाढलं. ते जेवायला लागले.

ताई इतक्या लवकर येतील असं मला वाटलं नव्हतं. दार धडधडलं. मी आधी विचारलं, "कोण?" मग उघडलं. त्या धापा टाकत होत्या, साडीला रस्त्याची धूळ, मुठीत अक्षता तशाच.

"आप्पा?"

"जेवतायत."

त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. नंतर मला तुटक तुटक सांगितलं. त्या मागच्या बाजूला, खुर्च्यांच्याही मागे उभ्या राहिल्या होत्या. पुढे जायचं अंतरपाट दूर झाल्यावर, असं ठरवून. मंगलाष्टका सुरू झाली. आवाज बारीक होता, पण शब्द कळत होते. एक बाई शेजारणीला म्हणाली, किती छान म्हणतेय गं. ताईंना बरं वाटलं. सहावं कडवं संपलं. आणि हाक आली नाही.

"आठ दिवस तिथे हाक ऐकत होते, इंदू. त्या जागी एकदम काहीच नाही. मला वाटलं, आप्पांना काहीतरी झालं. पाय थांबेचनात."

"ऋचा?"

"अंतरपाट होता मधे."

सातवं, आठवं कडवं त्यांनी ऐकलं नाही. रिक्षात बसल्यावर वाजंत्री ऐकू आली म्हणे.

एवढ्यात आतून आप्पांनी हाक मारली, "निमे, ताक आण." ताई तोंड पुसून आत गेल्या. "आले, आप्पा." आप्पांनी त्यांच्या हिरव्या काठाकडे बघितलं. "आपण कोण?" म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "निमे, यांना बसायला दे."

ताई बसल्या. मी ताक आणलं. ताईंनी ते माझ्या हातून घेऊन आप्पांना पाजलं नाही. मलाच पाजू दिलं.

त्यानंतर त्यांनी गाणं बंद केलं. लोक यादी घेऊन यायचे, त्या म्हणायच्या, "सध्या बंद आहे." ऋचा नवऱ्याबरोबर परदेशी गेली, तिचे फोन यायचे, त्यांनाही हेच. यंत्र मात्र रोज फडक्याने पुसायच्या, आणि कधीतरी हेडफोन कानाला लावून ते एक बटण दाबायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, नवीन का भरत नाही? त्या म्हणाल्या, "नवीन भरलं की मागे घेतलेलं जाईल." जवळजवळ वर्षभर त्या एका हाकेपायी त्यांनी गायला तोंड उघडलं नाही. घरात किल्लीचं कुलूप होतंच. हे दुसरं.

आप्पा गेले ते झोपेत गेले. तेराव्यानंतर दादा एकटे आले. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "निमा, त्या मंगलाष्टकेत आप्पा होते ना गं? तू काढलं होतंस."

"तू काढायला सांगितलंस."

"हो. मीच." ते रुमाल हातात चुरगळत होते. "परत येतं का ते?"

मला वाटलं, ताई नाही म्हणतील. म्हटलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी यंत्र सुरू केलं, बटण दाबलं. घरभर त्यांचा तो भरदार आवाज पसरला आणि सहाव्या कडव्यानंतर, आतल्या रिकाम्या पलंगावरूनच आली असावी अशी, "निमेऽ!" दादांनी रुमाल तोंडावर धरला. ताई त्यांच्याकडे बघत होत्या, यंत्राकडे नाही. सीडी काढून दिली. एकच काढली, आणि बटण दाबून हाक पुन्हा मागे घेतली.

माझं काम आता संपलं होतं. महिना भरला त्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी दिसेना. मी कोठीच्या खोलीपाशी गेले आणि गोधडी जराशी बाजूला केली. ताई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, मानेवर ओला पंचा, हातात कागद. यंत्रावर लाल दिवा पेटलेला होता. तो पेटला की आत नवीन आवाज भरला जातोय असं समजायचं. त्या कुणातरी परक्या घरातली नावं म्हणत होत्या, मी कधी न ऐकलेली. सूर जरा हलत होता. एका ओळीवर अडखळल्या, पण थांबल्या नाहीत, पुढे म्हणत गेल्या.

हाक मारली असती तर ती आत गेली असती. मी गोधडी हळूच सोडली, दाराशी आले, चपला हातात घेतल्या आणि आवाज होऊ नये म्हणून दोन्ही जिने अनवाणीच उतरले.